मांजराच्या पिसवा आणि घरातील विष

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके डोंगराळ, भरपूर पावसाचे आणि बहुतांशी आदिवासी वस्तीचे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. त्याहीपूर्वी, १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत, जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे अनेक समाज येथील पाड्यापाड्यांतून राहतात. भात, नागली आणि वरई ही येथील मुख्य पिके. पावसाळा संपला की ती घरात येतात आणि कणगीत भरली जातात. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौले किंवा गवत, एका बाजूस गुरे आणि कोंबड्यांचे खुराडे अशा घरात उंदरांना वाट शोधावी लागत नाही. वर्षाचे धान्य ज्या कणगीत आहे, तिला कुलूप नसते. तिचा राखणदार एकच, आणि तो म्हणजे घरचे मांजर.

या राखणदाराची दप्तरी नोंद मात्र कोठेही होत नाही. ते दूध देत नाही, नांगर ओढत नाही, त्याच्यासाठी कर्जप्रकरण होत नाही. गाय आजारी पडली तर शेतकरी पाच कोस चालत पशुवैद्यकीय दवाखाना गाठतो. मांजराला पिसवा झाल्या तर कोणी उंबरठाही ओलांडत नाही. फडताळात जे असेल तेच त्याच्या अंगावर पडते. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेल्या औषधाचे उरलेले पाणी, भातावर फवारायच्या बाटलीच्या तळाशी राहिलेले चार थेंब, झुरळांचा खडू, रॉकेल, तंबाखूचे पाणी यांपैकी काहीतरी. पिसवा मरतात हे खरे, परंतु बऱ्याचदा त्यांच्याबरोबर मांजरही मरते. पुढे धान्य उंदीर खातात, आणि उंदरांसाठी आणखी एक विष घरात येते. या साखळीचा पहिला दुवा अगदी क्षुल्लक असतो आणि तो अज्ञानातून निर्माण होतो, म्हणून त्याचा येथे थोडा तपशिलाने विचार केला आहे.

पिसू राहते कोठे?

मांजराच्या अंगावर दिसणारी पिसू ही पूर्ण वाढलेली, रक्त पिणारी पिसू असते. आपल्या दृष्टीस पडते ती एवढीच, आणि म्हणून सर्व रोख मांजरावर धरला जातो. प्रत्यक्षात एखाद्या घरातील पिसवांची एकूण संख्या मोजता आली, तर तीत पूर्ण वाढलेल्या पिसवा शेकडा पाचच्या आसपास भरतील. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोश या रूपांत असतात, आणि ही तिन्ही रूपे मांजरावर राहत नाहीत, जमिनीत राहतात. मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ती गुळगुळीत असल्याने केसांतून घरंगळून खाली पडतात. मांजर जेथे निजते तेथे, म्हणजे चुलीजवळच्या उबेत, गोधडीच्या घडीत, माळ्यावरच्या गवतात, कणगीच्या बुडाशी, ती सर्वांत जास्त साचतात. दोन-चार दिवसांत अंड्यातून बारीक, पांढुरकी, केसाळ अळी बाहेर येते. तिला उजेड नको असतो. जमिनीच्या भेगांत आणि केरकचऱ्यात ती शिरते आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतून पडणाऱ्या वाळलेल्या रक्तावर वाढते. नंतर ती स्वतःभोवती चिकट कोश विणते. त्यावर धूळ बसते आणि तो मातीच्या कणासारखा दिसू लागतो.

उबदार व दमट हवेत हा सारा क्रम दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. जव्हारच्या पठारावर पावसाळाभर आणि त्यानंतरचा काही काळ अशीच हवा असते. उलट, कोरडे ऊन अळीला सोसत नाही. तथापि कोशाची गोष्ट वेगळी आहे. कोशातील पिसू तयार होऊनही बाहेर येत नाही. अनुकूल वातावरणात ती काही महिने आत थांबून राहू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातील वायू यांची चाहूल लागली की ती क्षणात कोश फोडून उडी घेते.

ही माहिती जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे या बाजूंस वीटभट्ट्यांवर आणि अन्य मजुरीवर जातात. घरे बंद राहतात किंवा एखादे म्हातारे माणूस मागे राहते. शिमग्याला माणसे परततात, दार उघडतात, आणि पाय ठेवताच घोट्यांपर्यंत पिसवा चढतात. चार महिने रिकाम्या असलेल्या घरात एवढ्या पिसवा आल्या कोठून, याचा उलगडा होत नाही. इतक्यात शेजाऱ्याकडे राहिलेले किंवा रानात भटकून वाळलेले मांजर म्याव करीत येते आणि सारा दोष त्याच्यावर जातो. वस्तुतः त्या दिवशी उडालेल्या पिसवा जमिनीतून आलेल्या असतात. मांजराच्या अंगावर कितीही जहाल औषध ओतले तरी भेगांतील कोशांना त्याचा स्पर्शही होत नाही, आणि आठवड्याभरात मांजर पुन्हा पिसवांनी भरते. मग दुसऱ्यांदा औषध ओतले जाते. पहिल्या वेळी वाचलेले मांजर या दुसऱ्या वेळी मरते.

वाघाच्या मावशीचे यकृत

जे औषध गाईला चालते, कुत्र्याला चालते, ते मांजराला का चालू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मांजराच्या आकारात थोडे आणि यकृतात अधिक आहे.

शरीरात शिरलेले परके रसायन बाहेर टाकण्याची एक महत्त्वाची रीत अशी की, यकृत त्या रसायनाला शर्करेपासून बनलेले एक आम्ल जोडते. त्यामुळे ते पाण्यात विरघळू लागते आणि लघवीवाटे निघून जाते. माणूस, गाय, कुत्रा यांच्या यकृतात ही जोडणी करणारी विकरे पुरेशी असतात. मांजराच्या यकृतात त्यांतील काही अत्यंत दुर्बळ आहेत, आणि त्यांपैकी एक बनविणारे जनुक तर निकामी होऊन पडले आहे. शास्त्रज्ञ याचे कारण असे सांगतात की, निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतील विषे पचविण्याचा प्रसंग फारसा येत नसे, म्हणून ती शक्ती युगायुगांत लोपली. वाघ, सिंह, चित्ता यांच्या बाबतीतही हेच आढळते. ज्या मुलखात वाघोबाची पूजा होते आणि वाघबारस पाळली जाते, तेथे मांजराला वाघाची मावशी म्हणण्याला शरीरशास्त्राचाही असा आधार आहे.

गुरांच्या गोचिडांवर आज सर्रास वापरली जाणारी सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन, तसेच कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांतील परमेथ्रिन, ही सर्व एका गटातील द्रव्ये आहेत. शेवंतीच्या जातीच्या एका फुलातील कीटकनाशक द्रव्यावरून ती कारखान्यात बनविली गेली. माणसाला व गुराढोरांना ती तुलनेने सौम्य असल्याने लोकप्रिय झाली. मांजराच्या शरीरातून मात्र ती लवकर जात नाहीत. मज्जातंतूंना सतत उत्तेजित करीत राहतात. त्यातच मांजर स्वतःचे अंग दिवसभर चाटते. गाईच्या पाठीवर टाकलेले औषध बहुतांशी पाठीवरच राहते. मांजराच्या पाठीवर टाकलेले औषध संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात असते. आता आकाराचा हिशेब पाहावा. दहा टक्के सायपरमेथ्रिनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम विष असते. तीनशे किलो वजनाच्या बैलाला ते नगण्य आहे. तीन किलोच्या मांजराला तेच दर किलोमागे शंभरपट होते. बाटलीच्या झाकणाने ‘अंदाजे’ औषध घेणाऱ्याला हा गुणाकार दिसत नाही. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिनचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. ब्रिटन व ऑस्ट्रेलियासारख्या देशांतही, जेथे औषधावर सर्व सूचना छापलेल्या असतात, तेथे कुत्र्याचे औषध मांजराला लावल्याने विषबाधा झाल्याची प्रकरणे पशुवैद्यांना वारंवार पाहावी लागली आहेत. तेव्हा हा केवळ अशिक्षितांचा दोष आहे असे समजण्याचे कारण नाही.

अमिट्राझ हे गोचिडांवरील दुसरे परिचित औषध. तेही मांजरासाठी नाही. त्याने मांजर सुस्त होते आणि त्याच्या हृदयाची गती मंदावते. शेतीची कीटकनाशके तर याहून घातक. जव्हार, विक्रमगड या भागांत आंबा-काजूच्या वाड्या आणि मोगऱ्याची लागवड झाली, हाती दोन पैसे आले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वाडीबरोबर फवारणीची बाटलीही घरात आली. तिच्यातील विष मांजरावर येते ते बहुधा ‘पाण्यात पातळ करून’. पातळ केलेले विषही चाटून पोटात गेल्यावर विषच असते. येथे एक फसवणूक होते ती नावांच्या सारखेपणाने. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही द्रव्ये मांजराच्या पिसवांवरील चांगल्या औषधांत असतात, आणि त्याच नावांची कीटकनाशके कृषी सेवा केंद्रात भाताच्या किडीसाठीही मिळतात. दोहोंतील तीव्रता आणि त्यांत मिसळलेले द्रावक भिन्न असतात. नाव तेच असले तरी शेतीची बाटली मांजरासाठी कधीही उघडू नये.

काही घरांत यापेक्षा जुनी विषेही पडून असण्याचा संभव आहे. एके काळी उवा-पिसवांवर हमखास वापरली जाणारी ‘गॅमेक्झीन’ची भुकटी ज्या बीएचसीपासून बनत असे, त्यावर १९९७ मध्ये देशात बंदी आली. ‘नुवान’ या नावाने परिचित असलेले डायक्लोरव्हॉस आणि ‘थायमेट’ म्हणून ओळखले जाणारे फोरेट यांच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. परंतु राजपत्रातील बंदी फडताळातील बाटलीपर्यंत आपोआप पोचत नाही. कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये प्रत्येक डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो आणि तो विषाची तीव्रता दर्शवितो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. हा त्रिकोण माणसांची हाताळणी डोळ्यांसमोर ठेवून ठरविलेला आहे. हिरवा त्रिकोण म्हणजे मांजराला लावण्याची परवानगी, असा त्याचा अर्थ नव्हे.

घरगुती उपाय निरुपद्रवी असतात, हाही असाच एक समज. नीलगिरीचे तेल, कापूर आणि डांबराच्या गोळ्या यांतील द्रव्ये मांजराचे यकृत बाहेर टाकू शकत नाही. तंबाखूच्या पाण्यातील निकोटीन हे स्वतःच एक जहाल कीटकनाशक आहे. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना ते फुप्फुसात गेले तर मांजर दगावते. लिंबोळीचे तेल पिकावर उत्तम. मांजराच्या अंगावर त्याने विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

एका किड्याचा मोठा इतिहास

मांजराच्या पिसवांवर एवढे लिहावे काय, असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु पिसू या कीटकाने महाराष्ट्राचे जेवढे नुकसान केले, तेवढे फार थोड्यांनी केले असेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा तो हवेतून येतो की मातीतून, याचा कोणालाच पत्ता नव्हता. १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवा हा रोग पसरवितात असे प्रयोगाने दाखविले, आणि नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने त्याची खात्री करून घेतली. अमरावती येथील सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास, ज्या गावांत मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे निरीक्षण मांडले आणि मांजरे पाळण्याचा आग्रह धरला. आज या मतात दुरुस्ती करावी लागते. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसाला झाल्याची उदाहरणे अमेरिकेत आढळली आहेत. परंतु उंदीर, पिसू आणि धान्य यांच्यामध्ये मांजर उभे आहे, ही ब्यूकॅनन यांची मूळ दृष्टी चुकीची नव्हती.

प्लेग ही केवळ आजोबांच्या काळातील गोष्ट नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगचा संशय आला, त्याआधी तेथे उंदीर मरत होते आणि पिसवांच्या उपद्रवाची तक्रार झाली होती. पुढील महिन्यात सुरतेहून लोक कसे पळाले, हे अनेकांना आठवत असेल. यावरून अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मांजर-कुत्र्याच्या नेहमीच्या पिसवा निराळ्या जातीच्या असतात आणि त्यांच्यापासून प्लेगचे भय फारसे नसते. त्यामुळे मांजर खाजवू लागले म्हणून घबराट करू नये. मात्र गावात मेलेले उंदीर सापडू लागले आणि त्याच वेळी घरांत पिसवा वाढल्या, तर तो मांजराचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी उंदीर हातात न घेता प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे, आणि आपल्या बुद्धीने उंदीरनाशकाच्या गोळ्या वाटू नयेत. उंदीर मेला की त्याच्या पिसवा त्याला सोडून जवळचे दुसरे गरम अंग शोधतात. आधी पिसवा, मग उंदीर, हाच येथील शास्त्रशुद्ध क्रम आहे.

मांजरे नाहीशी झाल्यावर काय होते, याचा एक दाखला दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात मिळतो. सान होआकिन या गावी १९६३-६४ मध्ये रक्तस्रावी तापाची भयंकर साथ आली. गावातील मांजरे त्याआधी मेली होती. हिवतापासाठी घरांत फवारलेले डीडीटी हे त्याचे कारण असावे, असे मानले गेले. मांजरे गेली, रानातील उंदीर घरांत आले आणि त्यांच्या मूत्रातून विषाणू माणसांत पसरला. सापळे लावून उंदीर पकडण्याची मोहीम काढली, तेव्हाच साथ आटोक्यात आली.

अर्थात नेहमीच्या पिसवांचाही त्रास कमी नाही. लहान पिल्लांचे रक्त त्या इतके शोषतात की हिरड्या पांढऱ्या पडून पिल्ले मरतात. मांजराला व कुत्र्याला होणाऱ्या एका पट्टकृमीची अंडी पिसूच्या अळीच्या पोटात वाढतात. मांजराशी खेळणाऱ्या बालकाच्या तोंडात अशी पिसू गेली तर त्यालाही तो जंत होतो, आणि शौचात तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात. तेव्हा पिसवा आहेत तशा राहू द्याव्यात, असे येथे कोणाचेही म्हणणे नाही.

फणी, केरसुणी आणि मग औषध

सुरुवात फणीने करावी. उवा काढण्याची बारीक दातांची लाकडी फणी प्रत्येक घरी असते किंवा आठवडी बाजारात मिळते. मांजरासाठी ती वेगळी ठेवावी. मान, शेपटीचे मूळ आणि पोट येथे पिसवा अधिक असतात. फणी फिरवावी आणि साबणाच्या पाण्याने भरलेल्या वाटीत बुडवावी. साध्या पाण्यात पिसू तरंगते आणि उडून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते. फणीत काळे बारीक कण आले तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर पसरावेत. भोवती तांबूस डाग उमटला तर ते पचलेले रक्त, म्हणजेच पिसूची विष्ठा. न उमटला तर ती नुसती माती. शाळेत विज्ञानाच्या तासाला याहून स्वस्त आणि स्मरणात राहणारा प्रयोग सापडणे कठीण. आठ आठवड्यांखालील पिल्लांना तर, पशुवैद्याने वेगळे सांगितले नसेल तोवर, फणी हाच उपाय करावा.

फणीबरोबर केरसुणी चालली पाहिजे. मांजराची निजण्याची जागा एक असते. तेथे एक जुने फडके घालावे आणि दर आठवड्यास ते उकळत्या पाण्यात धुवावे. कणगीखालचा, बाजेखालचा, कोपऱ्याकोपऱ्यातला केर रोज काढून चुलीत टाकावा, उकिरड्यावर नव्हे. गोधड्या कडक उन्हात पसराव्यात. भुई सारवण्यापूर्वी तिच्या भेगा मातीने बुजवाव्यात, कारण पिसवांची पुढची पिढी तेथेच निजलेली असते. वीटभट्टीवरून परतणाऱ्या कुटुंबाने दार उघडल्यावर लगेच अंथरुणे पसरू नयेत. सामान बाहेर ठेवून आधी एकाने घरभर पाय आपटीत फिरावे, जमीन झाडावी, पुन्हा झाडावी. हादऱ्याने कोश फुटतात आणि भुकेल्या पिसवा बाहेर येतात. तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत झाकलेले असावेत. ही झाडलोट आठ-दहा दिवस नेटाने चालू ठेवली तर पुढील कितीतरी महिन्यांचा त्रास वाचतो. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य केले पाहिजे. विषाची बाटली लोकांना प्रिय होते ती बहुधा या कंटाळ्यामुळेच.

एवढे करूनही पिसवा आटोक्यात न आल्यास औषध घ्यावे. तथापि ते मांजरासाठी म्हणून बनविलेले आणि पशुवैद्याने सांगितलेलेच असावे. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेली, मांजराच्या वजनाप्रमाणे भरलेली छोटी नळी मिळते. तालुक्याच्या ठिकाणी ती प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. नाशिक किंवा ठाण्याहून मागवावी लागेल. ती मिळेपर्यंत फणी चालू ठेवावी, कुत्र्याची नळी अर्धी करून वापरू नये. मांजराचे वजन अंदाजाने ठरवू नये. पिशवीत घालून दुकानाच्या काट्याला टांगले तरी काम होते. (अंगणवाडीतील बालकांचा काटा यासाठी वापरू नये, हे सांगणे नलगे.) औषध टाकण्याची जागा म्हणजे मानेच्या मागे, डोक्याच्या अगदी खाली, जेथे मांजराची जीभ पोचत नाही. केस बाजूस सारून ते कातडीवर टाकावे, केसांवर नव्हे. वाळेपर्यंत घरातील दुसरी मांजरे आणि मुले यांना दूर ठेवावे, कारण मांजरे एकमेकांस चाटतात. आधी व नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. आजारी, गाभण किंवा पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीविषयी पशुवैद्याला आवर्जून विचारावे. आणि गोठ्यात गोचिडांची फवारणी असेल त्या दिवशी गुरांची अंगे व जमीन वाळेपर्यंत मांजर बांधून किंवा टोपलीखाली ठेवावे. औषध कालवलेली बादली उघडी टाकू नये. ती ओढ्यातही धुवू नये, कारण ही द्रव्ये माशांना मांजरापेक्षाही घातक आहेत.

चूक झालीच तर

भलते औषध लागल्यावर लक्षणे कधी तासाभरात, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. कान व कातडी थरथरणे, लाळ गळणे, चालताना झोकांड्या जाणे, स्पर्श केला तरी दचकणे आणि पुढे झटके येणे, असा त्यांचा क्रम असतो. लक्षणांची वाट न पाहता, चूक ध्यानात येताच हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून मांजराला कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे. गरम पाण्याने विष कातडीतून अधिक शोषले जाते, तर गार पाण्याने अंग थंड पडून थरथर वाढते. म्हणून पाणी कोमटच हवे. नंतर कोरड्या फडक्याने पुसून, अंधाऱ्या व शांत जागी उबेत ठेवावे. मात्र झटके येत असतील तर धुण्यात वेळ न घालवता आधी पशुवैद्य गाठावा. दूध, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नये. थरथरणाऱ्या मांजराच्या घशाखाली घातलेला पदार्थ फुप्फुसात जातो. ओकारी काढण्याचा प्रयत्नही करू नये. अंग तापले म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देणे म्हणजे दुसरे विष देणे होय. वर सांगितलेल्या यकृताच्या त्याच उणिवेमुळे एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा वेष्टन बरोबर न्यावे. सायपरमेथ्रिन गटाच्या विषाला नेमका उतारा नाही. त्यात झटके थांबविणारी औषधे व सलाईन देऊन शरीराला वेळ मिळवून द्यावा लागतो. शेतीच्या फॉस्फरसयुक्त विषांना मात्र अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे. कोणते विष ते कळल्याशिवाय पशुवैद्याला योग्य उपचार ठरविणे कठीण, आणि बाटलीवरची ओळ हे त्याला ताबडतोब सांगते. वेळेवर उपचार मिळालेली बरीच मांजरे दोन-तीन दिवसांत सावरतात. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. मोखाड्याच्या डोंगरांत सर्वत्र संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून नजीकच्या दवाखान्याची वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेली असावी.

पशुधन पर्यवेक्षक गोचिडांचे औषध देताना शेतकऱ्याला ‘गाईला किती’ हे सांगतोच. त्याच वेळी ‘मांजराला नाही’ हे दोन शब्द त्याने उच्चारले, तर वेगळ्या मोहिमेची गरज उरणार नाही. कृषी सहायकाने फवारणीच्या प्रात्यक्षिकात हेच सांगावे. शिक्षकांनी मुलांकडून घरातील डब्यांवरील त्रिकोणांचे रंग लिहून आणवावेत, डब्यांना हात मात्र लावू देऊ नये. या वहीतून गावात कोठे काय पडून आहे याची जी यादी तयार होईल, ती ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगी असते. बंदी आलेल्या बाटल्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता त्यांची विल्हेवाट कशी लावावी, हे ग्रामपंचायतीने तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. आणि उत्तर येईपर्यंत त्या कुलूपबंद पेटीत, मुलांच्या व मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात.